न दुखणारी जखम

मोज्यावरचा डाग माझ्या मुलीला दिसला. मी बूट काढून खुर्चीत पाय लांब करून बसलो होतो आणि ती समोरून जाता जाता थांबली. "बाबा, तुझ्या मोज्याला काय लागलंय?" चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, मधे तपकिरी आणि कडेला पिवळसर असा तो डाग होता. मोजा त्वचेला चिकटला होता. सोलून काढला तर तिथल्या जुन्या घट्ट्याच्या मधोमध वाटाण्याएवढं भोक दिसलं. त्या दिवशी मी सकाळपासून त्याच पायावर उभा होतो, चाललो होतो, जिने चढलो होतो. काहीही दुखलं नव्हतं. दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार, असं मला वाटलं. पुढचे साडेआठ महिने या एका समजुतीने खाल्ले.

मला सतरा वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायाला आधी मुंग्या यायच्या, रात्री जळजळायचं. मग दोनेक वर्षांपूर्वी ते हळूहळू थांबलं. थांबलं म्हणून मला बरंच वाटलं होतं. पाय बरा होत नसून बधिर होत चाललाय, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

पहिले सहा आठवडे घरीच गेले. रोज सकाळी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की घाण निघतेय असं समजायचं, मग पावडर टाकायची आणि 'हवा लागू दे' म्हणून उघडी ठेवायची. खपली धरली की आनंद. दोन दिवसांनी ती खपली मोज्याबरोबर निघून यायची आणि खाली तेच भोक. त्यानंतर एका दवाखान्यात गेलो. तीन महिन्यांत तिथे मला अँटिबायोटिकचे तीन कोर्स मिळाले आणि दोन प्रकारची मलमं. जखमेवर कापसाची काडी फिरवून तपासणीला पाठवली, त्यात जंतू आले, म्हणून गोळ्या बदलल्या. उघड्या जखमेवर जंतू असणारच, लालसरपणा, सूज, पू, ऊब अशी लक्षणं नसतील तर नुसत्या जंतूंसाठी अँटिबायोटिक द्यायचं नसतं, हे मला फार नंतर कळलं. राग त्याचा नाही. राग याचा आहे की त्या तीन महिन्यांत कुणीही माझा बूट हातात घेऊन पाहिला नाही आणि मला तळपायाला स्पर्श कळतो का, हे तपासलं नाही.

शेवटी फक्त न भरणाऱ्या जखमांसाठी असलेल्या विभागात पोचलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी जखमेकडे पाहिलंच नाही. दोन्ही पाय मोकळे करायला लावले आणि पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर धागा होता. तो कातडीला टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. आधी त्यांनी तो माझ्या हाताला लावून दाखवला. अगदी स्पष्ट कळला. मग म्हणाल्या, "आता डोळे मिटा. पायाला लागलं की नुसतं 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले आणि वाट पाहू लागलो. बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता. ट्रॉलीची चाकं करकरत गेली. मला वाटलं, त्या काहीतरी लिहीत असतील. बराच वेळ गेला आणि त्यांचा आवाज आला, "झालं. उघडा डोळे." दोन्ही पायांच्या दहा-दहा जागी धागा लावून झाला होता. मी तीन वेळा 'हो' म्हटलं होतं, तेही पावलाच्या वरच्या बाजूला. तळपायाला एकदाही नाही. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती जखम पाहून कधीच वाटली नव्हती. आपल्याला आपला पाय कळत नाही आणि हे आपल्याला माहीतही नव्हतं!

मग रक्तपुरवठा. घोट्यातला रक्तदाब आणि दंडातला रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. साधारण ०.९ ते १.३ असेल तर ठीक. माझं १.४२ आलं आणि मी खूश झालो. डॉक्टर नव्हत्या. "मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, त्या कडक होतात, दाबल्या जात नाहीत. म्हणून आकडा खोटा फुगतो." त्यांनी अंगठ्याला छोटासा पट्टा बांधून तिथला दाब मोजला. तो ६४ आला. जखम भरायला पुरेसं रक्त खाली पोचतंय, एवढी खात्री त्यातून मिळाली. ते पोचत नसतं तर आधी रक्तवाहिनी मोकळी करावी लागली असती, बाकी सगळं त्यानंतर. शेवटी बोथट टोकाची धातूची सळई जखमेत हलकेच घालून ती हाडाला टेकते का ते पाहिलं. टेकली नाही. एक्स-रेतही हाड शाबूत होतं.

आणि मग त्यांनी सुरी घेतली. भूल द्यावी लागली नाही, गरजच नव्हती. जखमेभोवतीचा तो मेणासारखा, पिवळट, कडक घट्टा पापुद्र्या-पापुद्र्याने कापून निघत होता आणि ट्रेमध्ये नखांच्या तुकड्यांसारखा साठत होता. खालून एक कुबट वास आला. मुलगी शेजारी उभी होती, तिने तोंड फिरवलं नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. कापून झाल्यावर वाटाण्याएवढ्या भोकाच्या जागी रुपयाच्या नाण्याहून मोठा, कडेने रक्त पाझरणारा खड्डा होता.

"डॉक्टर, ही तर मोठी झाली."

"होती एवढीच. वरून झाकण होतं," त्या म्हणाल्या. "आता कडेला जिवंत कातडी दिसतेय ना, तिथूनच भरणार."

सिस्टरनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवला, मार्करने कड गिरवली, तारीख टाकली आणि आतले चौकोन मोजले. साडेसहा चौरस सेंटीमीटर. दर आठवड्याला असा एक कागद होणार होता.

जखम अडकते म्हणजे काय होतं, हे त्यांनी मला समजावलं तेव्हा पहिल्यांदा चित्र डोळ्यांपुढे आलं. साधी जखम झाली की रक्त गोठतं, मग सूज येते, पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात, मग नवं मांस धरतं, वरून कातडी येते. माझी जखम साफसफाईच्या टप्प्यातच थांबली होती. घाण साफ करणारी विकरं तिथे इतकी साठली होती की नव्याने तयार होणारं ऊतकही तीच खात होती. त्यात जंतूंनी स्वतःभोवती चिकट थर विणलेला, ज्यात औषध नीट शिरत नाही. तो थर खरवडून काढला तरी एक-दोन दिवसांत पुन्हा धरू लागतो. म्हणून सुरी एकदाच नाही, दर आठवड्याला. आणि या सगळ्याच्या वर मी रोज पेरॉक्साइड ओतत होतो, जे जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतं.

हवा लागू देण्याचा माझा हट्टही तिथेच सुटला. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर केलेल्या प्रयोगात दाखवलं होतं की उघडी ठेवून सुकवलेल्या जखमेपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखाली ओलसर ठेवलेली जखम जवळपास दुप्पट वेगाने झाकली जाते. कारण नव्या पेशी ओलाव्यावरून सरकत पुढे जातात. खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट खणत जावं लागतं. मी जन्माला यायच्या आधीची ही गोष्ट, आणि मी अजून खपलीची वाट पाहत होतो. अर्थात ओलसर म्हणजे चिंब नाही. पाझर जास्त झाला की कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली होते, खूप वेळ पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी. म्हणून पाझर शोषणारं फोमचं ड्रेसिंग, आणि ते कितपत भिजलंय हे पाहून बदलायचं.

पण ड्रेसिंगबद्दल मी काहीही विचारलं की डॉक्टर विषय पायावरच्या भाराकडे नेत. जखम झाली कशाने? घट्ट्याने. घट्टा कशाने? एकाच जागी पडणाऱ्या दाबाने. ज्याला पाय कळतो तो नकळत लंगडतो, वजन दुसरीकडे टाकतो. मी टाकत नव्हतो. दिवसाला हजारो पावलं, प्रत्येक पाऊल त्याच खड्ड्यावर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच ओळखलं होतं: हातपाय रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून रोजच्या इजांनी झिजतात. बधिर पायाची जखम प्लास्टर घालून भरण्याची पद्धत पुढे मधुमेहाच्या रुग्णांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मला डॉक्टरांनी प्लास्टरच सुचवलं. मी नको म्हटलं. काढता-घालता येणारा, गुडघ्यापर्यंतचा जाड बूट मागून घेतला आणि सतत घालीन असा शब्द दिला.

तो मी पाळला नाही. बाहेर जाताना घालायचो. घरात मात्र "इथून तिथे तर जायचंय" म्हणून काढून ठेवायचो. रात्री बाथरूम दहा पावलांवर, त्यासाठी कोण पट्टे आवळत बसणार? तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी तो बूट उचलून उलटा केला. तळ नव्यासारखा होता. "किती वेळ घालता?" "जवळजवळ सतत," मी म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात असे बूट दिलेल्या रुग्णांची पावलं त्यांच्या नकळत मोजली होती. दिवसभरातल्या एकूण पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून टाकलेली निघाली. म्हणजे मी एकटाच नव्हतो, पण त्याने माझी जखम भरणार नव्हती.

चौथ्या आठवड्यात थंडी वाजून आली. पावलाची वरची बाजू लाल आणि गरम झाली, साखर ३८० वर गेली. त्याच रात्री भरती. आत पू साठला होता, तो शस्त्रक्रिया करून काढला. या वेळी खोलवरचं ऊतक तपासणीला गेलं आणि त्यानुसार शिरेतून औषध दिलं. एमआरआयमध्ये हाड वाचलेलं दिसलं. त्या दोन आठवड्यांबद्दल जास्त लिहवत नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची दोन बोटं त्याच आठवड्यात काढली होती, एवढं पुरे.

शस्त्रक्रियेनंतरचा खड्डा चार सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर खोल होता. तो भरायला पंप लावला. जखमेच्या आकाराचा काळा स्पंज कात्रीने कापून आत बसवायचा, वरून पारदर्शक चिकट पापुद्रा, त्याला भोक पाडून नळी, आणि नळी एका छोट्या यंत्राला. माझी जखम तळाला, म्हणून स्पंजाची एक पट्टी कडेने पावलाच्या वर आणून नळी तिथे जोडली, नाहीतर नळीचं तोंडच टोचून नवी जखम झाली असती. बटण दाबलं आणि तो फुगीर स्पंज डोळ्यांदेखत आक्रसून कडक झाला. वातावरणापेक्षा १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी दाब. अर्जेंटा आणि मोरिक्वास या अमेरिकी जोडीने १९९७ साली ही पद्धत मांडली. आतला पाझर सतत ओढला जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात, आणि त्या ओढीने पेशी वाढायला लागतात.

तीन आठवडे ते यंत्र माझ्या उशाशी होतं. पापुद्र्यात कुठे बारीक फट राहिली की फुस्स आवाज आणि लगेच पीं पीं. रात्री दोनला उठून बाप-लेक टॉर्च लावून फट शोधत होतो. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलायचा. पहिल्यांदा तो निघाला तेव्हा खाली फिकट, चकचकीत काहीतरी होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "काका, वाकून बघा तरी." मुलीने आरसा धरला. खड्ड्याचा तळ लालभडक, बारीक दाणेदार झाला होता, हात लावला तर रक्त येईल इतका ताजा. स्वतःच्या शरीरातली एखादी गोष्ट इतकी सुंदर वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी खड्डा जवळजवळ कातडीच्या पातळीला आला.

मग मात्र मी स्वतःहून प्लास्टर मागितलं.

या सगळ्या काळात मी वाचत सुटलो होतो आणि दर भेटीला नवं काहीतरी विचारत होतो. प्राणवायूची खोली? वातावरणाच्या दोन ते अडीच पट दाबाखाली दीड-दीड तास, तीस-चाळीस वेळा. रक्तपुरवठा कमी असलेल्या काही निवडक पायांना उपयोग होतो, तुमचा पुरवठा ठीक आहे. पेशी वाढवणारं जेल, प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी, स्वतःच्याच रक्तापासून बनवलेला पापुद्रा? आहेत, आणि काही जखमांना लागतात. अळ्या? त्याही खऱ्या आहेत. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर यांनी पाहिलं होतं की रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या अळ्या पडलेल्या जखमा आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ होत्या. आज निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या फक्त मेलेलं मांस खाण्यासाठी वापरतात. डॉक्टरांनी कुठल्याच प्रश्नाला हसण्यावारी नेलं नाही. पण उत्तर एकाच ठिकाणी यायचं. भार काढून, जखम साफ ठेवून, रक्त आणि साखर सांभाळून चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं, तर ती भरायची शक्यता चांगली. नाही झालं, तर यातलं काय आणायचं ते ठरवू. भार काढला नसेल तर यातलं सगळं एकावर एक ठेवूनही उपयोग नाही.

हे मला नीट पटलं ते बाहेरच्या बाकावर भेटलेल्या एका मावशींमुळे. त्यांची जखम घोट्याच्या आतल्या बाजूला, सहा वर्षांची. भोवतीची कातडी काळवंडलेली, पाय सुजलेला. त्यांचं कारण शिरांमधलं होतं, झडपा निकामी होऊन रक्त खाली साचत होतं. त्यांना घोट्यापाशी ४० मिलिमीटरच्या आसपास दाब देणारं थरांचं घट्ट बँडेज बांधलं आणि सहा वर्षं न हललेली जखम आखडू लागली. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला तसंच बँडेज बांधलं असतं तर पाय गेला असता. वरून पाहिलं तर त्यांची आणि माझी जखम सारखीच ओली, लाल, हट्टी. आम्ही दोघांनी मागे एकच मलम वापरलं होतं, हेही त्या बाकावर कळलं.

प्लास्टर पातळ अस्तरावर, पायाला अगदी चिकटून घालतात, बोटांपासून गुडघ्याच्या खालपर्यंत. फार कापूस घालत नाहीत, कारण कापूस दबला की पाय आत हलतो. वजन सगळ्या तळव्यावर पसरतं आणि काही भाग पोटरीच्या भिंती उचलतात. दुसरा पाय आखूड वाटतो म्हणून त्याच्या बुटाला जाड तळ लावला. पहिलं प्लास्टर तीन दिवसांत बदललं, कारण सूज उतरून ते सैल झालं होतं. नंतर दर आठवड्याला. करवतीची घरघर, पांढरी धूळ, आठवड्याचा कोंडलेला वास, मग सुरी, कागद, मार्कर. सर्वांत मोठी गोष्ट ही की ते मला काढता येत नव्हतं. रात्रीची ती दहा पावलंही आता प्लास्टरमध्येच पडत होती.

सुरुवातीला ७.९ चौरस सेंटीमीटर. पुढच्या आठवड्यात ६.४. मग ४.७. चौथ्या आठवड्याला ३.२. सिस्टरनी आकडा मोठ्याने वाचला आणि मुलीने लगेच फोनवर भागाकार केला. निम्म्याहून कमी. त्यानंतर कडेने मोत्यासारखी फिकट गुलाबी किनार आत सरकू लागली. सहाव्या आणि सातव्या आठवड्यात ती जवळजवळ हललीच नाही, कडा गोल वळल्या होत्या. डॉक्टरांनी त्या पुन्हा ताज्या केल्या आणि ती परत चालू लागली. नवव्या आठवड्यात कागदावर गिरवायला काही उरलं नाही. सिस्टरनी तरीही कागद ठेवला, तारीख टाकली आणि तो कोराच फाईलला लावला.

मी विचारलं, "झालं ना?" डॉक्टर म्हणाल्या, "बंद झाली." 'बरी झाली' असं त्या म्हणाल्या नाहीत. असे पाय बंद झाल्यावर वर्षभरात दहापैकी चार जणांची जखम पुन्हा उघडते. वरची कातडी नवी असते, खालचा व्रण पक्का व्हायला वर्षभर तरी लागतं, आणि तिथला दाब तर होता तसाच असतो. म्हणून साच्यावरून बनवलेला पायतळ, बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते पाहणं, दर महिन्याला घट्टा तासून घेणं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ९.८ टक्क्यांवरून ७.१ वर आली आहे, ती तिथे ठेवायची.

आणि थर्मामीटर. कपाळाचा ताप पाहतात तसा, न टेकवता मोजणारा. रोज रात्री दोन्ही तळपायांवर सहा-सहा जागा मोजायच्या. डाव्या-उजव्यातल्या त्याच जागेचा फरक सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आला, तर आत काहीतरी पेटतंय असं समजून चालणं कमी करायचं आणि दाखवायचं. ज्या दुखण्याची खबर पाय देत नाही ती अशी वरून वाचायची.

मुलगी आकडे सांगते, मी वहीत लिहितो. मागच्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी डावीकडे ३०.४ आणि उजवीकडे ३३.१ आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच फरक. पाय नेहमीसारखा दिसत होता, काहीही दुखत नव्हतं. मी बाहेर जायचं रद्द केलं, तो जाड बूट माळ्यावरून काढून आणायला सांगितला, आणि बाथरूमपर्यंतसुद्धा पट्टे आवळून गेलो. डॉक्टरांनी पाहिलं, घट्टा पुन्हा धरू लागला होता, तो तासला, पायतळ तिथे थोडा आणखी खोल केला. अकराव्या दिवशी फरक ०.६ झाला. वहीत ती ओळ मुलीने स्वतः लिहिली आहे.